दुसरी फेरी
(लघु माहितीपटाचे निवेदन)

[दृश्य : जळगाव, मे महिन्यातील दुपार. ओस रस्ता, मग तिसऱ्या मजल्यावरची खोली, कूलर, लोखंडी रॅक.]

मे महिन्यात दुपारी एकनंतर जळगावचे रस्ते ओस पडतात. पारा ४५ अंशांच्या आसपास असतो आणि ज्याला टाळता येते तो घराबाहेर पडत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या या खोलीत मात्र सहा जण कामाला बसलेले आहेत, कारण भिंतीलगतच्या रॅकमधील सर्व्हरवर रावेर आणि यावल पट्ट्यातील केळी व्यापाऱ्यांच्या पावत्या, ट्रकभाड्याच्या नोंदी आणि काही डाळमिलचे हिशेब चालतात. या माहितीपटाचा विषय ते हिशेब नाहीत. ज्या रीतीने हे सर्व्हर उभे केले जातात आणि जसेच्या तसे राखले जातात, ती रीत हा विषय आहे.

[दृश्य : दोनशे पानी वही. कॅमेरा पानाच्या अगदी जवळ.]

ही वही संघातील सर्वांत अनुभवी अभियंत्याची आहे. नव्या सर्व्हरवर सॉफ्टवेअर बसवण्याची प्रत्येक पायरी तिच्यात निळ्या शाईने लिहिलेली आहे : कोणते पॅकेज (म्हणजे सॉफ्टवेअरचा बसवण्यास तयार गठ्ठा), कोणती फाईल, फाईलमधील कोणती ओळ. या पानावर तळाशी लिहिले आहे, ‘फाईल बदलल्यावर सर्व्हिस रिस्टार्ट करणे’ (सर्व्हिस म्हणजे सर्व्हरवर सतत चालू राहणारा प्रोग्रॅम), आणि त्याखाली लाल शाईच्या दोन रेघा आहेत. या ओळीकडे आपल्याला पुन्हा यावे लागणार आहे.

वहीवरून काम करण्याची अडचण जगभरच्या यंत्रखोल्यांनी ओळखली होती. १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी सीएफइंजिन लिहिले आणि २००५ मध्ये ल्यूक केनीस यांनी पपेट सुरू केले. ‘आधी हे करा, मग ते करा’ असे सांगण्याऐवजी यंत्र शेवटी कसे असायला हवे एवढेच लिहून ठेवायचे आणि तिथपर्यंत नेण्याचे काम प्रणालीवर सोपवायचे, हा विचार या साधनांच्या मुळाशी आहे. पपेटमध्ये प्रत्येक सर्व्हरवर एजंट नावाचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. नेमून दिलेले अंतर बदलले नाही, तर तो दर ३० मिनिटांनी आपल्या यंत्राची माहिती मुख्य सर्व्हरला कळवतो, त्या माहितीनुसार तयार झालेला कॅटलॉग, म्हणजे त्या यंत्रावर काय कसे असायला हवे याची यादी, मागवून घेतो आणि जिथे तफावत दिसेल तेवढेच दुरुस्त करतो. एखाद्या सॉफ्टवेअरपुरते हे सारे लेखन एकत्र बांधले की त्याला मॉड्यूल म्हणतात, आणि बहुतेक मॉड्यूलचा कणा पॅकेज, फाईल आणि सर्व्हिस या तीन गोष्टींचा असतो.

[दृश्य : काळ्या पडद्यावर मॉड्यूलचा मजकूर. बोट एका ओळीवर थांबते.]

वही मॉड्यूलमध्ये उतरवली तेव्हा पॅकेज आले, फाईल आली, सर्व्हिसही आली. लाल रेघांची ओळ मात्र आली नाही. फाईल बदलली की सर्व्हिसला कळवावे, यासाठी पपेटमध्ये ‘नोटिफाय’ हा एक शब्द पुरतो आणि नेमका तोच राहून गेला. ज्याने वीस वेळा हाताने रिस्टार्ट केलेले असते त्याला ही पायरी इतकी अंगवळणी पडलेली असते की ती लिहायची असते हेच ध्यानात येत नाही. आमच्या मते मॉड्यूलमधील बहुतेक उणिवा अशाच, अतिपरिचयातून आलेल्या असतात.

पुढे अपाची या वेब सर्व्हरच्या मुख्य फाईलमध्ये एक कंस चुकीचा पडला. एजंटने ती फाईल निमूटपणे जागेवर ठेवली. सर्व्हिसला कळवलेच गेले नव्हते, त्यामुळे ती स्मरणातील जुन्या मांडणीवर तीन आठवडे बिनतक्रार चालत राहिली. मग एका पहाटे वीज गेली, इन्व्हर्टर उतरला आणि वीज परत आल्यावर सर्व्हर नव्याने सुरू झाला. अपाचीने आता पहिल्यांदा ती सदोष फाईल वाचली आणि उठण्यास नकार दिला. त्या दिवशी दुपारपर्यंत व्यापाऱ्यांना पावत्या हाताने लिहाव्या लागल्या.

[दृश्य : फळ्यावर तीन चौकोन, त्यांना जोडणारे बाण. तरुण अभियंती खडूने लिहिते.]

दुरुस्ती कशी झाली ते येथे सविस्तर पाहण्यासारखे आहे. फाईलच्या चौकोनापासून सर्व्हिसच्या चौकोनाकडे जाणारा हा बाण म्हणजे राहून गेलेला ‘नोटिफाय’. पण केवळ बाण जोडून थांबले असते, तर सदोष फाईल तीन आठवड्यांनी नव्हे, लगेच सर्व्हिसपर्यंत पोहोचली असती, एवढाच फरक पडला असता. म्हणून बाणाच्या आधी एक फाटक उभे केले गेले. फाईल जागेवर ठेवण्यापूर्वी ती तपासून घेण्याची आज्ञा पपेटमध्ये देता येते, आणि अपाचीकडे स्वतःची मांडणी तपासण्याची सोय मुळातच आहे. तपासणीत फाईल नापास झाली तर जुनी फाईल जागची हलत नाही आणि चूक एजंटच्या अहवालात लाल अक्षरांत दिसते.

दुसरी उणीव नावांची होती. सर्व्हरवरच्या सेंटओएस ७ या ऑपरेटिंग सिस्टिमचा आधार ३० जून २०२४ रोजी संपला आणि संघाने डेबियन या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे जायचे ठरवले. सेंटओएसवर अपाचीच्या पॅकेजचे नाव ‘एचटीटीपीडी’ आहे, तर डेबियनवर ‘अपाची२’. फाईलींच्या जागाही वेगळ्या. जुन्या मॉड्यूलमध्ये ही नावे जागोजागी थेट लिहिलेली होती. आता ती हायरा या माहितीसाठ्यात काढून ठेवली आहेत, आणि यंत्राची ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या कुळाची आहे हे फॅक्टर या यंत्राची माहिती गोळा करणाऱ्या साधनाकडून समजले की योग्य नाव आपोआप निवडले जाते. जे यंत्र आपण पाहिलेले नाही आणि जो माणूस आपल्याला ओळखत नाही, त्यांच्यासाठी मॉड्यूल लिहिले गेले पाहिजे. जळगावच्या या खोलीची खासगी माहिती त्यात मिसळली, की ते या खोलीबाहेर निरुपयोगी ठरते.

पॅकेजच्या पुढचा ‘लेटेस्ट’, म्हणजे नेहमी सर्वांत नवी आवृत्ती बसव, हा शब्दही गेला आणि त्याच्या जागी ठरावीक आवृत्ती आली. आवृत्ती कधी बदलायची हे आता माणूस ठरवतो.

[दृश्य : पडद्यावर चाचण्यांच्या हिरव्या ओळी, बाजूला गिटमधील बदलांची यादी.]

प्रत्येक बदल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत नोंदला जातो. पपेट-लिंट लेखनाची शिस्त पाहते आणि आरस्पेक-पपेटच्या चाचण्या खऱ्या सर्व्हरला हात न लावता कॅटलॉग तयार होतो का, त्यात बाण आहे का, हे तपासतात. लाल रेघांच्या त्या ओळीची आता एक चाचणी झाली आहे. उद्या कोणी तो शब्द अनवधानाने खोडला, तर बदल पुढे जाणार नाही.

वही ज्या मॉड्यूलमध्ये उतरवली, ते मुळात फोर्ज या सार्वजनिक भांडारातून घेतलेले होते. आपली प्रत दुरुस्त करून स्वस्थ बसणे सोपे होते आणि बहुतेक ठिकाणी तेच होते. मूळ लेखकाची पुढची आवृत्ती आली की ती दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, किंवा पुढची आवृत्ती कायमची सोडून द्यावी लागते. या संघाने नावांचा बदल, फाटक आणि बाण अशा तीन वेगवेगळ्या पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल सामावून घेण्याच्या विनंत्या, मूळ लेखकाकडे पाठवल्या. तिन्ही वेगळ्या ठेवल्या, कारण वाचणाऱ्याला एका वेळी एकच गोष्ट तपासावी लागावी. दोन स्वीकारल्या गेल्या. तिसरीवर चर्चा चालू आहे.

[दृश्य : संध्याकाळ. नवा डेबियन सर्व्हर. एजंटची पहिली फेरी.]

पहिल्या फेरीत पडद्यावर ओळी भराभर उमटतात : पॅकेज बसले, फाईल तपासली, फाईल ठेवली, सर्व्हिस सुरू झाली. “भाऊ, पुन्हा चालवू का?” अभियंती विचारते. वहीचे मालक मान हलवतात. मॉड्यूलची खरी परीक्षा दुसऱ्या फेरीत असते, कारण जे जसे हवे तसे आधीच आहे, त्याला हात लागता कामा नये.

[दृश्य : पडदा, जवळून. आवाज फक्त कूलरचा.]

कॅटलॉग लागू झाल्याची आणि त्याला किती सेकंद लागले याची एकच ओळ येते. तिच्या वर एकाही बदलाची नोंद नाही.