कॉम्प्युटरवर भारी गाणं ऐकायचंय? आधी कूलर बंद करा

[कॅमेऱ्यासमोर, पाच सेकंद गप्प]

ऐकलं? हे मागं जे भर्रर्र होऊन राहिलं ना, तो आमचा कूलर. नागपूरचा मे महिना, बाहेर ४५, आणि मी तुम्हाला चांगल्या क्वालिटीत गाणं कसं ऐकायचं ते सांगायला बसलो. थांबा. [कूलर बंद] हां, आता कसं. पण घाम फुटायच्या आत उरकतो.

मी पहिल्यांदा हा सेटअप केला तेव्हा सगळ्यांसारखंच केलं, बर्डीच्या बाजारातून एक डॅक आणला, म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा आवाज करून देणारी डबी, ती यूएसबीला लावली, दोन अ‍ॅम्पवाले स्पीकर जोडले, आलापाची जुनी सीडी कॉपी केलेली होती ती लावली आणि पाहतो तं तंबोऱ्याच्या खाली अजून एक सूर लागून राहिला. गाणं बंद केलं तरी तो चालूच. आई आतून म्हणे, पेटी कोण धरून बसलं रे?

तो सूर आपल्या लाइटचा. घरातली वीज ५० हर्ट्झची, ती ऑडिओत शिरली की ५० आणि १०० हर्ट्झवर घुं करते, आणि गंमत अशी का हे पेटीतल्या पांढरी पाच या सुराच्या जवळ पडते, थोडं चढं. गायकाची पट्टी पांढरी पाच असली तं समजा गाणं गेलं.

माझं नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, सीपीयू एका भिंतीच्या सॉकेटवर आणि स्पीकर दुसऱ्या भिंतीच्या. दोन्हीकडे अर्थिंग आहे पण दोन्ही अर्थिंग सारखे नाहीत, मग तो फरकाचा करंट ऑडिओच्या वायरीतून फिरते, यालाच ग्राउंड लूप म्हणतात. उपाय फुकटात: सगळं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या. माझा घुंचा आवाज बराचसा तिथंच गेला. लॅपटॉप असेल तं चार्जर काढून पाहा, काढल्यावर आवाज गेला तं चोर सापडला. तरी राहिलाच तर यूएसबी आयसोलेटर मिळते, म्हणजे डेटा जाऊ देऊन कॉम्प्युटर अन् डॅकमधला विजेचा सांधा तोडणारी डबी. आणि अर्थिंगचा खड्डा पाहा बे, उन्हाळ्यात माती कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून आपल्याकडे जुने लोक त्यात पाणी टाकत राहतात, ते उगाच नाही. इलेक्ट्रिशियन दादाकडून एकदा मोजून घ्या. फक्त एक करू नका, तिसरी पिन तोडून टाकायची. घुं जाईल, पण कधी बॉडीत करंट उतरला तं तुम्हीही जाल.

आता विंडोज. साउंडच्या सेटिंगमध्ये जा, एन्हान्समेंट नावाचं जे काही असेल ते बंद, सिस्टिम साउंड्स बंद. सीडीतली फाइल ४४.१ किलोहर्ट्झची, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेली, आणि विंडोज बहुतेक वेळा ४८ वर बसलेलं, मग ते मधात आवाज बदलून देते. फूबार २००० नावाचं फुकट प्लेअर आहे, त्यात वासापी एक्सक्लुझिव्ह आउटपुट निवडा, मग फाइल विंडोजच्या मिक्सरला न भेटता सरळ डॅककडे जाते. खरं सांगू, ४४.१ चं ४८ झालेलं मला तं कानानं ओळखता येत नाही, पण ऐन समेवर कोणाच्या मेसेजचं टिंग वाजत नाही, मी त्याच्यासाठीच लावतो.

फाइल म्हणाल तर फ्लॅक. सीडीचा मूळ डेटा सेकंदाला १४११ किलोबिट, फ्लॅक त्याला साधारण अर्ध्या-पाऊण आकारात बसवते आणि एक बिटही सांडत नाही. एमपीथ्रीचं फ्लॅक करून मात्र काही होत नाही, गेलेलं गेलं. आणि त्या २४ बिट १९२ किलोहर्ट्झवाल्या महागड्या फाइली? ४४.१ मध्येच २२ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावते, माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० च्या आसपास संपते. १६ बिटात सगळ्यात बारीक ते सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंत जवळपास ९६ डेसिबलची रेंज मिळते, आणि इकडे कूलर फुल असला की माझ्या फोनवरचं अ‍ॅप साठच्या आसपास दाखवते. त्या साठच्या खाली गायकानं काय बारीक काम केलं ते तुमच्या बिटांनी ऐकू येणार आहे का? पटत नसेल तं फूबारलाच एबीएक्स नावाचा कंपोनंट जोडता येते, ३२० किलोबिटची एमपीथ्री आणि फ्लॅक नाव लपवून ऐकवते. मी दहापैकी सहा ओळखले, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच झालं असतं.

म्हणून उरलेले पैसे स्पीकरवर टाका. स्पीकर कोपऱ्यात कोंबू नका, तिथं तबल्याचा बायाँ नुसता ढुमढुम करते. भिंतीपासून जरा पुढं ओढा, ट्विटर, म्हणजे त्यातला चढ्या सुरांचा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर आणि दोन स्पीकर अन् तुम्ही असा सारख्या बाजूंचा त्रिकोण. रिकाम्या फरशीवर सतरंजी टाका, खिडकीला जाड पडदा. मी हे सगळं केलं त्या दिवशी पहिल्यांदा आईनं काम टाकून खुर्ची ओढली, आणि डॅकवर किती खर्च केला ते विचारलं नाही.

वायरी, केबली यांचं कमेंटमध्ये विचारा. आता मी कूलर लावतो बाप्पा, शर्ट ओला झाला.