मुदतवाढ मागणारी शहरं आणि चौकातले सेकंद

मंडळी, आजचा विषय असा की नव्या बांधकामाचा ट्रॅफिकवर काय परिणाम होतो ते मोजायचे नियम कॅलिफोर्निया राज्याने बदलले, तेव्हा काही शहरांनी मुदतवाढ का मागितली आणि ती द्यायला हवी होती का. त्यावर येतोच, पण आधी सायकलींची गोष्ट सांगतो, ती ऐकल्याशिवाय या भांडणात माझा एवढा जीव का अडकलाय ते कळणार नाही.

सॅन फ्रान्सिस्कोने २००५ मध्ये सायकल प्लॅन केला. लगेच केस झाली, पर्यावरणाचा अभ्यास केलाच नाही म्हणून. २००६ मध्ये कोर्टाची स्थगिती आली. आणि स्थगिती कशी, तर नवी सायकल लेन नाही, रस्त्यावर सायकलची खूण रंगवायची नाही, फुटपाथवर सायकल लावायला साधा रॅकसुद्धा बसवायचा नाही! ती पूर्ण उठली २०१० च्या ऑगस्टमध्ये. हसा, हसण्यासारखंच आहे, पण कायदा कुठला बघा, सीक्वा, म्हणजे काम मंजूर करण्याआधी पर्यावरणावरचा परिणाम तपासायला लावणारा कॅलिफोर्नियाचा कायदा, १९७० चा, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना झालेला, पर्यावरण वाचवायला केलेला कायदा, आणि त्याच कायद्याने सायकल अडवली.

हे झालं एलओएसमुळे, म्हणजे लेव्हल ऑफ सर्व्हिस. १९६५ च्या हायवे कपॅसिटी मॅन्युअलपासून रस्त्यांना ए ते एफ ग्रेड मिळते. सिग्नलला गाडी सरासरी ८० सेकंदांच्या वर थांबली की एफ, नापास. आता सायकलसाठी गाड्यांची एक लेन काढली की थांबणं वाढणारच, ग्रेड उतरणार, आणि ग्रेड उतरली म्हणजे पर्यावरणाची हानी! गाडीवाल्याचे सेकंद म्हणजे पर्यावरण, असा हिशोब वर्षानुवर्षं चालला, मला याचा अजूनही राग येतो.

इमारतींचं तेच. स्टेशनजवळ घरं बांधा, तिथले चौक आधीच भरलेले, प्रोजेक्ट नापास. शहराबाहेर मोकळ्या रानात बांधा, चौक रिकामे, प्रोजेक्ट पास, मग तिथला माणूस रोज कितीही मैल गाडी हाणेना का. आणि नापास झालात की उपाय काय, तर रस्ता रुंद करा, म्हणजे पायी चालणाऱ्याला ओलांडायला आणखी लांब.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीये, त्यामुळे मूळ मुद्दा भराभर सांगतो.

२०१३ मध्ये एसबी ७४३ हा राज्याचा कायदा झाला, तेव्हाचे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनी सही केली. चौकातला उशीर बाद, त्याऐवजी व्हीएमटी, म्हणजे प्रोजेक्टमुळे गाड्या एकूण किती मैल धावणार ते मोजायचं. नियम २०१८ च्या डिसेंबरमध्ये पक्के झाले, सगळ्या राज्याला सक्तीचे १ जुलै २०२० पासून. नेमका तेव्हा कोविड. शहरं म्हणाली स्टाफ नाही, पैसा नाही, मैल मोजायचं मॉडेल तयार नाही, थोडं पुढे ढकला. अडचण खरी होती, लहान शहरांची तर फारच. पण पासाडेनाने २०१४ मध्येच बदल केला होता, सॅन फ्रान्सिस्कोने २०१६ मध्ये, मग बाकीच्यांना कायदा झाल्यापासूनची जवळपास सात वर्षं पुरली नाहीत? राज्याने तारीख हलवली नाही, आणि माझ्या मते बरोबर केलं, कारण त्या वाढीव मुदतीत जुन्या मापाने पास झालेली वसाहत पन्नास वर्षं तिथेच राहते आणि तिथली माणसं तेवढी वर्षं गाडीतच.

बरं, राज्याने हात बांधलेले नव्हते. दिवसाला गाड्यांच्या ११० फेऱ्यांच्या आतलं छोटं काम सहसा व्हीएमटीच्या तपासणीतून सुटतं, मोठ्या ट्रान्झिट स्टॉपपासून, म्हणजे रेल्वे-बसच्या मोठ्या थांब्यापासून, अर्ध्या मैलातलंही बहुतेक वेळा. बाकीच्यांना माणशी मैल आत्तापेक्षा १५ टक्के कमी, हा राज्याचा सल्ला, शहर पुराव्यानिशी स्वतःचा आकडा ठरवू शकतं. परिणाम टाळताच येत नसेल तर फायदे जास्त आहेत असं लेखी कारण देऊन शहराचं कौन्सिल मंजुरी देऊ शकतं. आणि बिल्डरकडून सिग्नल, टर्न लेन मागायची असेल तर जनरल प्लॅनमध्ये, म्हणजे शहराच्या विकास आराखड्यात, एलओएस ठेवायला आजही बंदी नाही, फक्त सीक्वात तो चालत नाही. हे सगळं हाताशी असताना मुदतवाढ कशासाठी हवी होती, ते मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. चला, प्रश्न घेऊया.