प्राण्याला आडोसा, माणसाला पार

आधी एक विचारते. या हॉलमधल्या किती जणांचं लग्न आपल्या बडोद्याच्या कमाटी बागेत ठरलं? हात वर करा, नातवंडं बघतायत म्हणून लाजू नका. एक, दोन, पाच, मागे अजून दिसतायत. माझं पण तिथेच ठरलं, एका बाकावर, दोघांच्या आया जरा लांब जाऊन उभ्या आणि आमच्या मधे लीलो चिवड्याची पुडी. बाक होता म्हणून बोलणं झालं. उभ्या उभ्या कोणाचं लग्न ठरत नाही आणि उभ्या उभ्या बिबट्या पण दिसत नाही, मला आज हेच सांगायचंय.

पत्रिकेत विषय छापलाय, 'वाढत्या झूमधली नवीन आवारं आणि प्रेक्षकांच्या सोयी'. त्यावर मी येणारच आहे, पाच मुद्दे लिहून आणलेत. पण कमाटी बाग म्हटलं की आपण बडोदेकर आधी महाराजांकडे जातो आणि जावंच. १८७९ साली ही बाग लोकांसाठी उघडली तेव्हा सयाजीराव १६ वर्षांचे पण पूर्ण नव्हते, राज्याचे सगळे अधिकार हातात यायला १८८१ उजाडलं, तोवर कारभार दिवाण सर टी. माधवराव बघायचे. झू त्याच बागेत, मग १८९४ चं म्युझियम, आणि या सगळ्याच्या मधून आपली विश्वामित्री. झूमधे मगर बघायला तिकीट आणि बाहेर नदीत मगर फुकट, असं दुसरं गाव मला तरी माहीत नाही.

आता त्या फुकटच्या मगरीबद्दल जरा ऐका, कारण माझा अर्धा मुद्दा तिच्यातच आहे. काळ्या घोड्याच्या पुतळ्याजवळ नदीवरचा पूल आहे, तिथे थंडीत सकाळी जा. माणसं कठड्याला टेकून उभी असतात, स्कूटर साइडला लावलेली, डबा हँडलला अडकवलेला, ऑफिसला उशीर होतोय. खाली नुसता चिखल. कोणीतरी म्हणतं ते लाकूड नाही, ती मगरच आहे, दुसरा म्हणतो लाकूडच आहे, आणि वीस वीस मिनिटं माणसं त्या लाकडाकडे बघत राहतात आणि शेवटी लाकूड तोंड उघडतं. नाही उघडलं तरी कोणी तक्रार करत नाही, उद्या परत येतात. तीच माणसं रविवारी पोरांना घेऊन झूमधे जातात, तिकीट काढतात, एका पिंजऱ्यापुढे अर्धा मिनिट थांबतात आणि म्हणतात, काहीच दिसत नाही, चला पुढे. माणूस तोच, डोळे तेच. फरक एवढाच की तिकीट काढल्यावर आपल्याला वाटतं प्राणी आपलं देणं लागतो.

मी ३१ वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. दरवर्षी आठवीची पोरं घेऊन कमाटी बागेत जायचे. पहिली काही वर्षं सगळ्या शाळा करतात तसंच केलं, दोघा दोघांची रांग, सगळे पिंजरे दोन तासांत, शेवटी टॉय ट्रेन. परत आल्यावर निबंध लिहायला दिला तर चाळीसच्या चाळीस निबंधांत टॉय ट्रेन आणि आईस्क्रीम, प्राण्यांची नुसती नावं. मग एका वर्षी ठरवलं की या वेळी एकच पिंजरा. बिबट्याचा. वही, पेन्सिल आणि घड्याळ, दर मिनिटाला एक ओळ लिहायची, प्राणी आत्ता काय करतोय. वागणुकीचा अभ्यास करणारे लोक असंच काम करतात, ठरावीक वेळाने नोंद, मनातलं काही घालायचं नाही.

पोरं बसली. पहिला मिनिट, दिसत नाही. दुसरा, दिसत नाही. दहाव्या मिनिटापर्यंत वहीभर दिसत नाही, दिसत नाही, आणि मागची पोरं एकमेकांना खडे मारायला लागलेली. मी पण मनातून घाबरले होते, एवढी रजा काढून, पालकांच्या सह्या घेऊन आणलंय आणि आत एक झाड, एक लाकडी मचाण आणि वाळलेलं गवत. तेवढ्यात तिथले एक कीपर काका बादली घेऊन चालले होते, त्यांनी माझा चेहरा बघितला आणि म्हणाले, "बेन, बेसो ने, आवशे." बसा हो, येईल. एवढं बोलून गेले पुढे.

तर बसलो. सतराव्या का अठराव्या मिनिटाला एक मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली, बाई, मचाणावरनं लोंबतंय ते काय? शेपटी होती. टोकाचा वळलेला भाग फक्त, तो पण पानांच्या सावलीत. म्हणजे बिबट्या पहिल्या मिनिटापासून तिथेच होता, आमच्या डोक्यापेक्षा उंच, आणि आम्ही सगळे जमिनीवर शोधत होतो. त्या क्षणी चाळीस पोरं जी गप्प झाली तशी माझ्या दटावण्यानं कधीच झाली नव्हती. पुढचा अर्धा तास कोणी हललं नाही. शेपटी हलली तर लिहायचं, कान हलला तर लिहायचं. मग तो उठला, अंग ताणलं, खाली उतरला, पाणी प्यायला आणि आमच्याकडे ढुंकून न बघता परत वर गेला. त्या वर्षीच्या निबंधांत आईस्क्रीम नव्हतं. ती मुलगी आता कुठे आहे, काय करते, ते नाही सांगत, पण दिवाळीला अजून फोन करते आणि फोनवर पहिलं वाक्य असतं, बाई, शेपटी.

ते जमलं कशामुळे? आत बिबट्याला चढायला, लपायला जागा होती आणि बाहेर आम्हाला झाडाखाली बसायला जागा होती. दोन्हीतलं एक नसतं तर नसतं जमलं. हे मला तेव्हा नाही कळलं, कळलं नंतर, दुसऱ्या एका गावात.

गावाचं नाव घेत नाही. ट्रिपच घेऊन गेले होते, तिथे नवीन काम झालं होतं, मोठी काच, चकचकीत फरशी, लोक कौतुक करत होते. बिबट्याचंच आवार. आत सिमेंटचे खडक, रंगवलेले, आणि हिरवळ कापून कापून कार्पेटसारखी. एक झुडूप नाही. बिबट्या मागच्या भिंतीला लागून, रात्रीच्या पिंजऱ्याचं दार असतं ना, त्या दारापुढे येरझाऱ्या घालत होता. या टोकाला वळायचं, त्या टोकाला वळायचं, दर वेळी पाऊल त्याच जागी, तिथलं गवत घासून पट्टा पडलेला. माझी पोरं नोंद करायला बसली तर बसायला काही नाही, बाक होते ते काढून तिथे सेल्फी पॉइंट केलेला, वाघाचं उघडं तोंड, आत उभं राहून फोटो काढायचा. पोरांनी उन्हात उभ्यानंच लिहिलं. अर्धा तास. सगळ्या वह्यांमधे प्रत्येक ओळीत एकच शब्द, फिरतोय, फिरतोय, फिरतोय. आणि मागून लोक येऊन खूश होऊन जात होते, अरे वा, काय मस्त चालतोय, इथे प्राणी दिसतो तरी!

मी तिथल्या एका साहेबांना विचारलं, झुडपं का नाही लावली. ते काही वाईट माणूस नव्हते. म्हणाले, मॅडम, होती की, पण तक्रार वहीत रोज तेच, प्राणी दिसला नाही, पैसे वाया गेले, मग वरून विचारणा होते, मग झुडपं काढली. म्हणजे बघा साखळी कशी आहे ती. बाहेर बसायला जागा नाही, म्हणून माणूस अर्धा मिनिट थांबतो, अर्ध्या मिनिटात प्राणी दिसत नाही म्हणून तक्रार लिहितो, तक्रारीमुळे आतला आडोसा जातो, आणि आडोसा गेला की प्राणी बिथरतो. त्या बिबट्याच्या येरझाऱ्यांची सुरुवात एका काढलेल्या बाकापासून आहे. मला तो पट्टा अजून डोळ्यापुढे दिसतो, घासलेल्या गवताचा, आणि राग येतो, अजून येतो.

हे माझ्या मनचं नाही सांगत. जर्मनीत हागेनबेक नावाचा प्राण्यांचा व्यापारी होता, त्यानं १९०७ साली हॅम्बर्गजवळ गजांशिवायचं झू उघडलं, गज काढून खंदक. तोच माणूस दूरदूरच्या देशांतून माणसं आणून ती पण प्रदर्शनात मांडायचा, हे कौतुक करताना विसरू नये. तर जगभर खंदक आले, दिल्लीच्या झूमधे पण आहेत. पण खंदकानं काय झालं? आपल्या नजरेपुढचे गज गेले. प्राणी होता तिथेच, उलट जास्त उघड्यावर. पुढे स्वित्झर्लंडमधे हेडिगर म्हणून होते, बर्न, बाझल, झुरिक तिन्हीकडची झू त्यांनी सांभाळली, त्यांनी दाखवलं की प्रत्येक प्राण्याचं एक ठरलेलं अंतर असतं, त्याच्या आत कोणी आलं की त्याला पळावंसं वाटतं, आणि ते अंतर जर आवारात मावत नसेल तर लांबी-रुंदी मोजून उपयोग नाही. आपल्याकडे नियमात वाघाच्या जोडीला १००० चौरस मीटर लिहिलंय, चांगलंच आहे, पण १००० चौरस मीटरचं क्रिकेटचं मैदान केलं तर त्या वाघानं जायचं कुठे?

अमेरिकेत क्लाउडेड लेपर्ड म्हणून झाडावर चढणारं ठिपक्यांचं रानमांजर असतं, त्याच्या विष्ठेतून ताणाचं हार्मोन मोजलं, तर ज्यांना उंच चढून बसायला जागा होती त्यांच्यात ते कमी निघालं. तुमच्या घरात मांजर असेल तर तिला विचारा. २०१४ मधे हॉलंडच्या लोकांनी आश्रयगृहात नवीन आलेल्या मांजरींचे दोन गट केले, एका गटाला लपायला खोका दिला, दुसऱ्याला नाही. १९ मांजरी फक्त, छोटासा प्रयोग, पण खोकेवाल्या मांजरी लवकर शांत झाल्या. एका पुठ्ठ्याच्या खोक्यानं! कोटी कोटीची टेंडरं निघतात हो, आणि गरज खोक्याची असते.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, पाचही मुद्दे आता भरभर घेते, मला माफ करा, पण त्या साहेबांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे नुसते मुद्दे राहिले असते.

पहिला, आडोसा नकाशातच हवा, मागाहून लावलेलं झाड नको. प्रत्येक आवारात निदान तीन जागा अशा पाहिजेत की जिथे प्राणी कोणत्याही बाजूनं दिसणार नाही, आणि त्यातली एक उंचावर. सगळ्या बाजूंनी प्रेक्षक फिरतील असं आवार तर करूच नये, एकाच बाजूनं बघू द्यावं, म्हणजे प्राण्याला पाठ फिरवता येते.

दुसरा, माणसाला पार. बाक नाही म्हणत मी, पार म्हणते. आपल्या गावाचं नावच वडावरून आलंय, वड आहेत, कडुलिंब आहेत, झाडाभोवती गोल दगडी पार बांधा, आजी बसेल, पोरगं चढेल, डबा उघडता येईल. बडोद्याच्या मे महिन्यात ४२-४३ डिग्रीमधे उघड्या रेलिंगला धरून कोण बिबट्याची वाट बघेल? पाराजवळ पिण्याचं पाणी आणि चालत पाच मिनिटांत स्वच्छ बाथरूम, कारण आजीला बाथरूम नसेल तर आजी बसत नाही, आजी बसली नाही तर कोणीच बसत नाही. रॅम्प हवा, तान्ह्या बाळाला पाजायला खोली हवी. फूड कोर्ट वगैरे गेटबाहेर राहू दे.

तिसरा, फलक. आत्ता फलकावर काय असतं, शास्त्रीय नाव, कुठे सापडतो, काय खातो. त्याखाली एक ओळ वाढवा, हा दिवसा बहुतेक झोपतो, वर बघा, शेपटी शोधा. तेवढ्यानं तक्रार वही अर्धी रिकामी राहील, मी लिहून देते. आणि कीपर लोकांना दिवसातून एकदा दहा मिनिटं पारावर बोलायला उभं करा, त्याचे वेगळे पैसे द्या. त्यांच्याएवढं कोणाला माहीत नसतं आणि त्यांना कोणी विचारत नाही.

चौथा, पूर. हे फक्त आपल्या झूसाठी. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात २० इंचाच्या आसपास पाऊस, २०२४ च्या ऑगस्टमधे परत अर्धं शहर पाण्यात आणि मगरी सोसायट्यांमधे. नदी बागेच्या मधून जाते ती काही हलणार नाही. तेव्हा रात्रीचे पिंजरे उंच जोत्यावर, आणि आवारात पण एक उंचवटा असा की पाणी चढलं तर प्राणी स्वतः तिथे जाऊन बसेल. तोच उंचवटा बाकीचं वर्षभर त्याची बसायची जागा होतो, एका खर्चात दोन कामं.

पाचवा, चालत जायचं पक्षीघर. झालंय ते चांगलंच झालंय, मला फार आवडलं, कारण तिथे जाळीच्या आत आपण जातो आणि पक्षी ठरवतो किती जवळ यायचं ते. पोरं आत शिरताच आपोआप हळू बोलतात, बघितलंय मी. फक्त आतली वाट इतकी सरळ नको की लोक रांगेनं शिरून रांगेनं बाहेर पडतील. मधे दोन ठिकाणी थांबायला, टेकायला जागा द्या.

काचेबद्दल बोलायचं होतं ते राहिलं, काचेवर टकटक केली की आत काय होतं ते. आणि म्युझियममधल्या देवमाशाच्या सांगाड्याबद्दल पण, ७० फुटांहून लांब, १९४४ साली महीच्या मुखाशी आलेला. पोरं त्या हाडांपुढे दहा दहा मिनिटं उभी राहतात, कारण एका नजरेत मावतच नाही. ते पुढच्या वेळी.

आता एक काम. या पाच मुद्द्यांचं पत्र मी मराठीत आणि गुजरातीत टाइप करून आणलंय, महापालिकेला द्यायचंय, पहिल्या रांगेपासून मागे जाऊ दे, वाचून सही करा, पटत नसेल तर करू नका. आणि येत्या रविवारी सकाळी गेट उघडायच्या वेळेला मी बिबट्यापुढे बसणार आहे, एक तास, वही घेऊन. ज्यांना यायचंय त्यांनी या. सतरंजी मी आणते, पाण्याची बाटली स्टीलची आणा, आणि पोरांना सांगून आणा की पहिली वीस मिनिटं 'दिसत नाही' असंच लिहायचं असतं.