एकच कोड, दोन संगणक

बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्र्या मागे टाकून खानापूर रस्त्याने निघाले की मच्छे लागते. १९९८ साली स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय याच परिसरात आहे. घरी मराठी आणि वर्गात कन्नड-इंग्रजी बोलणारी खानापूर-निपाणीकडची अनेक मुले या विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत शिकतात. त्यांतलाच एक गट मराठी मजकुरातील शब्द मोजणारा मुक्त स्रोत प्रोग्राम सी भाषेत लिहीत आहे. शुद्धलेखन तपासणीच्या शब्दसूचीसाठी ही मोजणी लागते. फायली पुष्कळ असल्याने काम चार थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या एकाच वेळी चालणाऱ्या चार प्रवाहांत, वाटले आहे.

पहिली अडचण प्रोग्राम चालण्याआधीच आली. एकीच्या लॅपटॉपवर, म्हणजे लिनक्सवर आधारित उबुंटू प्रणालीच्या २२.०४ आवृत्तीवर, बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे) विनातक्रार झाले. प्रयोगशाळेतील उबुंटू २०.०४ वर मात्र तोच कोड लिंकिंगच्या, म्हणजे कोडचे भाग एकत्र जोडण्याच्या, टप्प्यावर अडला आणि थ्रेड सुरू करणारे फंक्शनच सापडत नाही, असा संदेश आला. ग्लिबसी या लिनक्सवरील सी प्रोग्रामांच्या मूळ लायब्ररीत (तयार फंक्शनांच्या संग्रहात) थ्रेडची फंक्शने पूर्वी स्वतंत्र फायलीत असत. ऑगस्ट २०२१ मधील २.३४ आवृत्तीपासून ती मुख्य लायब्ररीत आली. लॅपटॉपवर २.३५ होती, प्रयोगशाळेत २.३१. त्यामुळे मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, ती स्वतंत्र फाइल जोडणारा ‘पीथ्रेड’ हा पर्याय लिहायचा राहून गेला, तरी नव्या संगणकावर त्याचा पत्ता लागत नाही. मुक्त स्रोत प्रकल्पात ही चूक हलकी मानू नये, कारण कोड उतरवून घेणारा माणूस कोणता संगणक वापरतो हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसते, आणि पहिलेच बिल्ड फसले की तो बहुधा परत येत नाही.

दुसरी अडचण अधिक खोलवरची होती. त्याच फायली पुन्हा मोजल्या की ‘आणि’ या शब्दाची संख्या दर वेळी वेगळी येई. मोजणीत एकाने वाढ करणे कोडमध्ये एका ओळीचे काम दिसते. प्रत्यक्षात जुना आकडा वाचणे, त्यात एक मिळवणे आणि नवा आकडा लिहिणे अशा तीन पायऱ्या असतात. दोन थ्रेडनी एकाच क्षणी ४१ वाचले, तर दोघेही ४२ लिहितात आणि एक शब्द हरवतो. कंपायलरचे (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामचे) ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड वेगवान करणारी सोय, चालू केले की हरवलेल्या शब्दांचे प्रमाण बदले, म्हणून कोणते बिल्ड खरे यावर गटात बराच वाद झाला. उत्तर असे की दोन्ही चूक: सी भाषेच्या सी११ मानकानुसार अशी डेटा रेस (दोन थ्रेडनी एकाच आकड्यावर एकाच वेळी ताळमेळाविना काम करणे) असलेल्या प्रोग्रामच्या वर्तनाची कसलीही हमी नसते.

थ्रेड सॅनिटायझर हे अशा टकरी शोधणारे साधन चालू ठेवून केलेल्या वेगळ्या बिल्डने टक्कर होणाऱ्या दोन्ही ओळी नेमक्या दाखवल्या. हे बिल्ड साधारण पाच ते पंधरा पट हळू चालते, त्यामुळे ते छोट्या नमुन्यावरच चालवतात.

उपाय म्हणून आधी शब्दमोजणीच्या संपूर्ण तक्त्याला एकच लॉक, म्हणजे एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारे कुलूप, लावले. आकडे बरोबर आले, पण चारही थ्रेड त्या लॉकपाशी खोळंबू लागले. लिनक्सच्या कर्नेलनेही (प्रणालीच्या गाभ्यानेही) १९९६ मध्ये, २.० आवृत्तीत, अनेक प्रोसेसरांसाठी असेच एक मोठे लॉक स्वीकारले होते. त्या काळी तो निर्णय योग्यच होता; तरी कोडभर पसरलेले ते लॉक पूर्णपणे निघायला २०११ उजाडले. त्यामुळे गटाने रचनाच बदलली. आता प्रत्येक थ्रेड स्वतःच्या तक्त्यात मोजतो आणि शेवटी चारही तक्त्यांची बेरीज होते. आमच्या मते हीच रचना सुरुवातीपासून हवी होती.

आता प्रत्येक बदल दोन्ही उबुंटूंवर आपोआप तपासला जातो. उरलेला दोष मेकफाइलमधलाच आहे: शब्दसूचीतून तयार होणाऱ्या हेडर फाइलवरील (इतर कोड फायलींत समाविष्ट होणाऱ्या फाइलवरील) अवलंबन तिथे नोंदलेले नाही, त्यामुळे ती तयार होण्याआधीच तिची गरज पडून चार कामे एकदम चालवणारे बिल्ड अधूनमधून फसते. ती नोंद करणारा बदल सध्या इतर सदस्यांच्या तपासणीत आहे.