चुलीतलं प्लास्टिक, बरणीवरचं झाकण

(दृश्य: जुलै महिना. सिंधुदुर्गातलं घर. न्हाणीघरामागची चूल, शेजारी भिजलेली लाकडं.)

पावसात चूल पेटता पेटत नाही. मग जळणाखाली तुटक्या चपलेचा तुकडा जातो, वायरचं आवरण जातं. आग लगेच धरते. पण या वस्तू बऱ्याचदा पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकच्या असतात. पीव्हीसीत क्लोरिन असतो आणि चुलीच्या धुरकट, अर्धवट आगीत त्यापासून डायॉक्सिन, म्हणजे हार्मोनच्या कामात ढवळाढवळ करणारी विषारी रसायनं, तयार होतात. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही जाळू नये. त्यात समुद्राचं मीठ मुरलेलं असतं आणि त्या मिठातल्या क्लोराईडपासूनही डायॉक्सिन बनू शकतात.

आपल्या रक्तात हार्मोन फार थोडे असतात. एका मिलिलिटरमधलं इस्ट्रॅडिओल हे स्त्री-हार्मोन पिकोग्रॅममध्ये मोजतात, आणि एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्या बारीक हिशेबात बाहेरचं रसायन थोडं घुसलं तरी गडबड होऊ शकते. डायॉक्सिनमुळे यकृत थायरॉईडचं हार्मोन नेहमीपेक्षा लवकर बाहेर टाकतं, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. शिवाय डायॉक्सिन चरबीत साठतात. शरीरातलं त्यांचं प्रमाण निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षं लागतात.

(दृश्य: राखेत लोळणाऱ्या गावठी कोंबड्या.)

प्लास्टिक जळलेली राख माडाच्या आळ्यात किंवा भाजीच्या वाफ्यात टाकू नका, तिने भांडीही घासू नका. कोंबड्या ती उकरतात, टिपतात, आणि चरबीत विरघळणारे डायॉक्सिन अंड्याच्या बलकात उतरतात.

मग चूल पेटवायची कशी? मे महिन्यातच सोडणं (नारळाची सुकी सालं), झावळ्या आणि करवंट्या पडवीत, जमिनीपासून हातभर उंच रचून ठेवाव्यात. खाली सोडणाच्या सुट्या काथ्याचा बोळा, त्यावर हिरांची जुडी, वर दोन करवंट्या आणि मग बारीक फोडलेलं लाकूड. पुढच्या खेपेचं ओलं लाकूड चुलीच्या कडेला, ठिणगी पोचणार नाही इतक्या अंतरावर सुकत ठेवावं.

आता स्वयंपाकघर. इथली बिस्फेनॉल-ए आणि थॅलेट ही प्लास्टिकमधली रसायनंही हार्मोनमध्ये गडबड करू शकतात. ती शरीरातून एखाद्या दिवसात बरीचशी निघून जातात, पण रोज नव्याने येतात. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ कुटुंबांना ३ दिवस डबाबंद नसलेलं, प्लास्टिक न लागलेलं ताजं अन्न दिलं. त्यांच्या लघवीतलं बिस्फेनॉल-ए सरासरी ६६ टक्क्यांनी उतरलं. म्हणजे सवय बदलली की फरक त्याच आठवड्यात पडतो.

उष्णता, तेल आणि लांबलेला काळ, या तिघांपासून प्लास्टिक जपा. माशाचं कढत कालवण पिशवीत बांधून घेण्यापेक्षा घरून स्टीलचा डबा न्यावा. भांड्याच्या तळाशी त्रिकोणात ३ आकडा असेल तर ते पीव्हीसी. ७ मध्ये अनेक प्लास्टिकं येतात, त्यात बिस्फेनॉल-ए पासून बनणारं कडक, पारदर्शक पॉलिकार्बोनेटही असतं. ही दोन्ही गरम अन्नाला नकोत. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर १ असतो. ती बिस्फेनॉल-ए पासून बनत नाही, तरी कोकमाचं आगळ वर्षभर ठेवायला काचच बरी.

(दृश्य: लोणच्याच्या बाटलीचं पत्र्याचं झाकण उलटं करून, अगदी जवळून.)

आतल्या काठाला मऊ, रबरासारखी गोल पट्टी दिसते. तीसुद्धा बहुतेकदा पीव्हीसीचीच. तिला मऊपणा आणणारं द्रव्य पीव्हीसीशी रासायनिक बंधाने जोडलेलं नसतं, त्यामुळे तेल लागलं की ते तेलात उतरतं. बाटली काचेची असून लोणच्यात रसायन येतं ते असं. बाटली वरून दोन बोटं रिकामी ठेवा आणि कधी आडवी करू नका. त्यापेक्षा चिनी मातीची बरणी आणि वर कापडाचा दादरा, हे केव्हाही चांगलं.

घरात कुणी गरोदर असेल तर पहिल्या महिन्यापासूनच जपा. साधारण ८व्या ते १४व्या आठवड्यात मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण होते आणि तिला टेस्टोस्टेरॉन हे पुरुष-हार्मोन लागतं. काही थॅलेट ते दाबतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत स्पष्ट झालं आहे. सुवासिक पावडरी आणि अत्तरी फवारे या काळात बंद ठेवावेत, कारण वास टिकवायला त्यांतही थॅलेट वापरलेले असू शकतात.

डायॉक्सिनच्या बाबतीत मात्र नऊ महिन्यांची काळजी पुरत नाही. आईच्या चरबीत वर्षानुवर्षं साठलेले डायॉक्सिन नाळेतून आणि दुधातून बाळाकडे जातात. म्हणून चुलीत प्लास्टिक जाणं थांबवायचं ते घरातल्या मुली लहान असतानाच. बाळाला अंगावर पाजणं या भीतीने कुणी सोडू नये. त्याचा फायदा या धोक्याहून कितीतरी मोठा आहे.