टाइलखालची लादी

(दृश्य : दादरचा दिवाणखाना. छिन्नी, हातोडा. पांढऱ्या टाइलचा कोपरा सुटतो.)

शिवाजी पार्कच्या मागच्या गल्लीतली ही इमारत १९४० च्या आसपासची. गोलाई दिलेल्या बाल्कन्या, जिन्याला रुंद कठडा. दुसऱ्या मजल्यावरच्या या घरात लेकीच्या लग्नाआधी चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल बसली. तोडफोड नको, धूळ नको, म्हणून जुन्या फरशीवरच चिकटवली. आज ती निघते आहे.

(दृश्य : ओल्या फडक्याचा पहिला हात. रंग वर येतो.)

हिरवा. मग वीटकरी. कडेनं काळी पट्टी, आणि मधे गालिचा अंथरावा तशी खोलीभर नक्षी.

(दृश्य : घरातल्या आजी दारात. इथे निवेदन नाही.)

घर नव्यानं करून घेणाऱ्यांच्या तोंडी सध्या काही नावं सारखी येतात : टेराझो म्हणजे सिमेंटमध्ये दगडाच्या चिप्स घालून घासलेली फरशी, कोबा, चुन्याचा गिलावा, तमिळनाडूतल्या चेट्टिनाडची आथंगुडी लादी. येत्या काळात ती आणखी ऐकू येतील. चांगलंच आहे. पण यातलं निम्मं सामान जुन्या घरांत आधीपासूनच आहे. ते तोडून फेकायचं आणि त्याच्यासारखं दिसणारं काहीतरी विकत आणायचं, हे थांबायला हवं. ही फिल्म त्यासाठीच.

(दृश्य : भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची फरशी.)

एकोणिसाव्या शतकात मुंबईत नक्षीची लादी म्हणजे विलायतेहून आलेली. भायखळ्याच्या या संग्रहालयातली लादी इंग्लंडच्या मिंटन कंपनीची, भट्टीत भाजलेली. पुढे १९२२ साली, स्वदेशीचं वारं असताना, फेरोजशा सिधवा यांनी इथंच सिमेंटची लादी बनवायला घेतली. त्यांची भारत फ्लोअरिंग्ज ही कंपनी आजही लादी बनवते. मरीन ड्राइव्ह, दादर, माटुंगा या भागांत नव्या इमारती उठत होत्या, तेव्हा पायाखाली सिमेंटची लादी, मोझॅक आणि टेराझो आलं. मुंबईतल्या ओव्हल मैदान परिसराच्या आर्ट डेको, म्हणजे अशाच गोलाईदार शैलीतल्या, इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. बाहेरचे दर्शनी भाग सगळ्यांना ठाऊक आहेत. आतल्या फरशा मात्र बिनबोभाट निघत राहिल्या.

(दृश्य : लादीचा कारखाना. साचा, रंगाची भांडी, हात.)

ही सिमेंटची लादी भट्टीत जात नाही. लोखंडी चौकटीत नक्षीचा साचा बसतो. साच्याला कप्पे असतात, आणि प्रत्येक कप्प्यात वेगळा रंग ओतायचा. रंग म्हणजे पांढरं सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि खनिज रंग. लाल-पिवळा लोहाच्या ऑक्साइडचा, हिरवा क्रोमियमच्या.

(दृश्य : साचा वर उचलला जातो. जवळून.)

हा क्षण बघा. साचा सरळ वर गेला पाहिजे. हात हलला तर रंग एकमेकांत मिसळले आणि लादी गेली. कारागीर तो उचलताना श्वास धरतो.

मग वर कोरडं सिमेंट भुरभुरायचं, ते खालच्या रंगातलं पाणी शोषून घेतं. त्याच्यावर सिमेंट-वाळूचा जाड थर. मग प्रेस. लादी बाहेर येते, उलटी होते, आणि नक्षी पहिल्यांदा दिसते. मग तिला पाण्यात ठेवायचं. सिमेंट पाणी पिऊन घट्ट होतं, त्याला घाई चालत नाही. आथंगुडी गावात हेच काम काचेवर करतात. काचेचा गुळगुळीतपणा लादीवर उतरतो.

(दृश्य : आतली खोली. पॉलिशचं मशीन, राखाडी पाणी.)

आतल्या खोलीत नक्षी नाही, मोझॅक आहे. १० बाय १० इंचांच्या लाद्या, संगमरवराच्या चिप्स. इथं मशीन चालतं. आधी खरखरीत दगड, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि सगळं ओलं. चिप्स निघालेली भोकं त्याच रंगाच्या सिमेंटनं भरायची, सुकू द्यायची, पुन्हा घासायचं. शेवटी चकाकीसाठी ऑक्झॅलिक पावडर.

बाहेरच्या नक्षीच्या लादीवर हा प्रयोग नको. तिचा रंगाचा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. खरखरीत दगड फिरला तर नक्षीच उडेल. तिथं पॉलिशवाला हातानं काम करतो. नवी टाइल चिकटवलेल्या ॲडेसिव्हचे डाग पत्र्याच्या पट्टीनं थोडे थोडे सुटतात.

(दृश्य : दोन तुकडे शेजारी. एक मोझॅकचा, एक टेराझो छापलेल्या टाइलचा.)

बाजारात टेराझो म्हणून मिळणारा बराच माल छापील असतो. चार-सहा टाइलांनंतर तोच ठिपका त्याच जागी दिसू लागतो. टवका उडाला की आतून कोरी माती. मोझॅकचा टवका उडाला तर आत पुन्हा दगडच, म्हणून ते पुन्हा पुन्हा घासता येतं. आमची पसंती कुठली, हे सांगायची गरज नाही.

आणखी एक. टाइलवर टाइल बसवताना वजनाचा विचार कुणी करत नाही. १० बाय १२ फुटांच्या खोलीत एक जादा थर म्हणजे ३०० किलोंच्या आसपास भार, तोही ऐंशी वर्षांच्या स्लॅबवर.

(दृश्य : जिन्यातून उतरणारी डेब्रिजची पोती.)

या घरात सगळं वाचलं नाही. बाथरूम तोडावंच लागलं, वॉटरप्रूफिंग संपलं होतं. खर्च आणि दिवस दोन्ही ठरल्यापेक्षा वाढले, शेजाऱ्यांनी आवाज सोसला.

(दृश्य : दिवाणखाना, दिवसाचा उजेड.)

आता ही फरशी साध्या पाण्यानं पुसायची. ॲसिड अजिबात नको, ते सिमेंट खातं. लिंबू, चिंच सांडली तर लगेच फडकं.

तुमच्या घरी काम निघणार असेल तर कंत्राटदाराशी दर ठरवण्याआधी दारामागची किंवा पलंगाखालची एक टाइल उचकटून घ्या. खाली लादी निघाली तर पॉलिशवाल्याला आधी बोलवा, तोडणाऱ्याला नंतर. आणि नक्षीतल्या दोन-चार लाद्या फुटलेल्या असतील तर फोटो आणि मापं घेऊन कारखान्यात जा. जुळत्या नक्षीचा साचा मिळतो का, ते विचारा.