स्तनाचा कॅन्सर: पहिल्या सुईपासून दहाव्या वर्षाच्या गोळीपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

स्तनात कॅन्सरची गाठ निघाली, की इंदूरच्या मराठी घरांत पहिला प्रश्न असतो, मुंबईला टाटामध्ये न्यायचं का? अवंतिका एक्सप्रेसची तिकिटं निघतात, परळजवळ राहायची सोय कुणाकडे होईल याची फोनाफोनी सुरू होते. जायला काहीच हरकत नाही. पण तिथे पोचेपर्यंत इकडे एखाद्या दवाखान्यात गाठ कापून झालेली असते. मग गाठ केवढी होती, काखेत काही लागत होतं का, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, कुठे आहे, या प्रश्नांची उत्तरं कुणाकडेच नसतात.

२०२२ साली भारतात अंदाजे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार झाला आणि सुमारे ९८ हजार दगावल्या. एवढ्या सगळ्या जणी मोठ्या संस्थांत मावणार नाहीत. त्यांचे उपचार देवास, धार, खरगोन, झाबुआ आणि इंदूरच्या ट्रस्टच्या, पन्नास-शंभर खाटांच्या रुग्णालयांतच होणार. ते नियमाने कसे व्हावेत हे लिहून ठेवलेलं आहे. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ साली नॅशनल कॅन्सर ग्रिड, म्हणजे देशभरातल्या कॅन्सर रुग्णालयांचं जाळं, उभं राहिलं. त्याची मार्गदर्शक तत्त्वं कुणालाही फुकट वाचता येतात. अडतं ते ज्ञानापाशी नाही, अगदी साध्या पायऱ्यांवर अडतं. त्यातल्या पहिल्या पायरीवर आज जरा जास्त वेळ थांबू या, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथेच होतं.

गाठ लागली की तीन गोष्टी, याच क्रमाने: डॉक्टरांनी हाताने दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा तपासणं, मग मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी, मग सुईने तुकडा काढणं. चित्रं सुईच्या आधी हवीत, कारण सुईनंतर आत रक्त साकळतं आणि चित्र बिघडतं. सुई म्हणजे १४ नंबरची कोअर बायोप्सी. जागा बधिर करून, त्वचेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देऊन, सोनोग्राफीत बघत निदान चार तुकडे काढायचे. अर्ध्या तासाचं काम, भरती व्हावं लागत नाही.

‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ हे आपल्याकडे आजीपासून नातीपर्यंत सगळ्या सांगतात. तसं होत नाही. उलट सुई न लावता ‘आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू’ असं केलं, की पंचाईत होते. कापलेल्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या आहेत की नाहीत ते कळत नाही, चीर चुकीच्या जागी पडते, दुसरं ऑपरेशन लागतं. काही जातींच्या गाठींना आधी केमो देऊन गाठ किती विरघळते हे पाहायचं असतं, कारण पुढचं औषध त्यावरून ठरतं. ती संधीही हातची जाते. बारीक सुईने नुसत्या पेशी खेचणारी जी तपासणी असते, तीही इथे पुरत नाही. आजार दुधाच्या नळीतच आहे की बाहेर पसरला आहे, हे ती सांगू शकत नाही.

आता तुकडे निघाले. ते ज्या बरणीत पडतात त्या बरणीकडे फारसं कुणी बघत नाही, पण अर्धा निकाल तिथेच लागतो. कित्येक ठिकाणी तुकडे सलाइनमध्ये टाकून ठेवतात, किंवा शनिवारी दुपारी काढलेली आख्खी गाठ सोमवारपर्यंत कोरडी पडून राहते. पेशी सडतात, आणि हार्मोन रिसेप्टरची, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का याची, तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येते. म्हणजे जिला रोजच्या एका स्वस्त गोळीने पुढची कित्येक वर्षं संरक्षण मिळालं असतं, ती त्या गोळीला मुकते, आणि चूक झाली हे कधी उघडकीलाही येत नाही.

हवं ते असं. तुकडा सडू न देणारं १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन. बाजारात मिळणारं फॉर्मॅलिन १०० मिली, डिस्टिल्ड पाणी ९०० मिली, त्यात सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम आणि निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट साडेसहा ग्रॅम. नुसतं पाणी घातलेलं फॉर्मॅलिन आम्लधर्मी होत जातं, म्हणून हे क्षार. तुकड्याच्या दसपट द्रव हवा. शरीरातून निघाल्यापासून एका तासाच्या आत तुकडा त्यात बुडालेला हवा, आणि ६ तासांपेक्षा कमी नाही, ७२ तासांपेक्षा जास्त नाही, इतका वेळ त्यात राहायला हवा. बरणीवर नाव आणि बाजू, डावी का उजवी, हे तर हवंच. शिवाय तुकडा काढल्याची वेळ आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ, या दोन वेळा पेनने लिहायच्या. हे काम ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, सिस्टरचं. आमच्या मते सबंध उपचारात एवढ्या कमी खर्चात एवढा फरक पाडणारं दुसरं काम नाही.

फॉर्मॅलिन तासाला साधारण एक मिलिमीटर आत शिरतं. म्हणून ऑपरेशनमध्ये निघालेला मोठा तुकडा नुसता बुडवून भागत नाही. पॅथॉलॉजिस्टशी आधी ठरवून, कडांना शाई लावून, तो पाच ते दहा मिलिमीटरच्या कापांत उघडावा लागतो. सुईचे तुकडे बारीक असतात, ते नीट मुरतात, म्हणून रिसेप्टरची तपासणी शक्यतो त्यांच्यावरच करावी.

रिपोर्टमध्ये काय बघायचं? कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड. ईआर आणि पीआर, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या हार्मोनचे रिसेप्टर, किती टक्के पेशींत. १ टक्का असला तरी तो पॉझिटिव्ह धरतात, ईआर १ ते १० असेल तर त्याला ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात. आणि हर-टू, म्हणजे गाठ जोमाने वाढवणारं प्रथिन: शून्य, १+, २+ की ३+. २+ आलं तर तो निकाल नव्हे. फिश नावाची पुढची तपासणी होईपर्यंत हर-टूचं औषध द्यायचंही नाही आणि नाकारायचंही नाही. पैशापायी ही फिश राहून जाते, हे सर्रास घडतं. नातेवाइकांनी तिथे अडून विचारावं.

रिपोर्ट हातात आला की सर्जन, केमोचे डॉक्टर, रेडिएशनचे डॉक्टर, पॅथॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट यांनी एकत्र बसून ठरवायचं, याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. लहान रुग्णालयात पाचही जण कुठून आणायचे? आठवड्यातून एक तास व्हिडिओवर जमलं तरी पुरे. नॅशनल कॅन्सर ग्रिडचेही असे ऑनलाइन बोर्ड चालतात. अट एकच, बोर्ड ऑपरेशनच्या आधी बसावा. गाठ दोन सेंटिमीटरच्या वर असेल किंवा काखेत पसरली असेल, आणि ती हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) असेल, तर सहसा केमो आधी. त्या वेळी गाठीत धातूची बारीक क्लिप ठेवायला विसरू नये. केमोने गाठ दिसेनाशी झाली, तर सर्जनने कापायचं कुठे?

स्तन वाचवायचा की पूर्ण काढायचा, हे ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा: रेडिएशनला, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत सिकाईला, यायला जमेल का? स्तन वाचवला तर सिकाई जवळपास प्रत्येकीलाच लागते. झाबुआच्या बाईला इंदुरात राहायला जागा नसेल, तर ते ऑपरेशनच्या आधी कळायला हवं. पूर्वी पाच आठवडे लागत. आता ४० ग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं माप) डोस १५ दिवसांत, तीन आठवड्यांत बसतो, आणि निवडक रुग्णांना २६ ग्रे पाच दिवसांत.

ऑपरेशनबद्दल एकच सांगतो. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत १६०० बायकांवर एक अभ्यास झाला, तो २०२३ साली प्रसिद्ध झाला. गाठ कापण्याच्या ७ ते १० मिनिटं आधी तिच्या भोवती अर्धा टक्का लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, टोचलं, तर पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं. हे औषध प्रत्येक ओटीच्या कपाटात असतं आणि त्याची किंमत नगण्य. कुठल्या कंपनीला यात कमाई नाही, तेव्हा याची जाहिरात कोण करणार? आपल्या सर्जनना जरूर विचारा.

केमोमध्ये घोटाळा होतो तो वजनकाट्यावर, कारण डोस उंची-वजनावरून काढलेल्या शरीराच्या क्षेत्रफळावर ठरतो. उंची आणि वजन ‘साधारण’ लिहून चालत नाही, वजन दर खेपेला मोजायचं. १५८ सेंटिमीटर, ५६ किलोची बाई म्हणजे शरीराचं क्षेत्रफळ १.५७ चौरस मीटर. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध प्रति चौरस मीटर ६० मिलिग्रॅम, म्हणजे तिला ९४ मिलिग्रॅम. इथे ‘अशक्त दिसते, ७५ देऊ’ असं होतं. वाटते दया, पण मिलानच्या बोनादोना यांनी १९९५ साली वीस वर्षांचा हिशेब मांडला होता. ठरलेल्या डोसच्या निदान ८५ टक्के औषध मिळालेल्यांना केमोचा सगळ्यात जास्त फायदा झाला, आणि ६५ टक्क्यांहून कमी मिळालेल्यांना जवळपास झालाच नव्हता. त्रास होतोय म्हणून मनानेच डोस उतरवण्यापेक्षा उलटीचं औषध नीट द्यावं, गरजेनुसार पांढऱ्या पेशी वाढवणारं इंजेक्शन केमोनंतर २४ तास उलटल्यावर द्यावं. आणि घरी थर्मामीटर हवाच. १००.४ फॅरनहाइट ताप आला की रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं. सकाळची वाट बघायची नाही.

हर-टूचं औषध ट्रास्टुझुमॅब. पहिल्यांदा किलोमागे ८ मिलिग्रॅम, पुढे दर तीन आठवड्यांनी ६, एकूण एक वर्ष, आणि दर तीन महिन्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. ४४० मिलिग्रॅमची कुपी सोबतच्या बॅक्टेरिओस्टॅटिक पाण्याने विरघळवली तर २ ते ८ अंशांत २८ दिवस टिकते. म्हणजे उरलेलं औषध फेकायचं कारण नाही. साध्या पाण्याने केली तर मात्र ती एकदाच वापरायची. पुढे सलाइनमध्येच मिसळावी, ग्लुकोजमध्ये कधीच नाही, आणि कुपी हलवायची नाही, हलके फिरवायची.

हार्मोनची गोळी. पाळी सुरू असणाऱ्यांना टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम, पाच वर्षं, काहींना दहा. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल अडीच मिलिग्रॅम. यात एक फसवी जागा आहे. बेचाळीस वर्षांच्या बाईची पाळी केमोमुळे थांबते, कुणीतरी ‘रजोनिवृत्ती’ लिहितं आणि लेट्रोझोल सुरू होतं. काही महिन्यांनी बीजकोश पुन्हा जागे होतात आणि गोळी निकामी ठरते. लेट्रोझोलच द्यायचं असेल तर बीजकोशांचं काम इंजेक्शनने किंवा ऑपरेशनने थांबवून द्यावं. टॅमॉक्सिफेन चालू असताना अंगावरून रक्त गेलं किंवा एका पायाची पोटरी सुजली, तर लगेच दाखवावं. मन खचल्यावर दिलेली पॅरॉक्सेटिन, फ्लुओक्सेटिन ही औषधं टॅमॉक्सिफेनचा असर कमी करतात, हे घरच्या डॉक्टरांनाही माहीत असावं.

शेवटची गोष्ट, वही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पहिल्या भेटीपासून ६० दिवसांत निदान व्हावं आणि निदान झालेल्या बायकांपैकी ८० टक्क्यांहून जास्त जणींचे उपचार पूर्ण व्हावेत. हे मोजायला कॉम्प्युटर लागत नाही. एका सिस्टरकडे एक रजिस्टर: पहिली भेट, बायोप्सी, रिपोर्ट, ऑपरेशन, पहिली केमो, पुढची तारीख, आणि दोन फोन नंबर, एक नवऱ्याचा आणि एक शेजारचा किंवा माहेरचा. ठरलेल्या तारखेला बाई आली नाही, की दुसऱ्याच दिवशी फोन. आयुष्मान योजनेतून कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तरी मंजुरी अडकली म्हणून माणसं परत जातात आणि काउंटरवर कुणाला पत्ताही नसतो. माळव्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी असते. त्या दिवसांत बायका केमो टाळणार हे गृहीत धरून तारीख दोन आठवडे आधीच फोनवर पक्की करावी, घरातल्या कर्त्या माणसाशी बोलून.